बैल सहापट झाला, लाकूड तेवढंच राहिलं

नागपूरबाहेरच्या वाचकांसाठी आधी थोडं सांगतो. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे तान्हा पोळा असतो. खऱ्या बैलांचा पोळा मोठ्यांचा, लाकडी बैलांचा पोरांचा. बैलाच्या पाठीवर झूल, शिंगांना बेगड, पायांखाली चार चाकं. दोरी धरून बैल ओढत घरोघर जायचं आणि बोजारा, म्हणजे बैलामागे मिळणारे पैसे आणि खाऊ, गोळा करायचा. तळहातावर मावणाऱ्या बैलापासून माणसाच्या उंचीच्या बैलापर्यंत सगळ्या मापांचे बैल एकाच दिवशी एकाच रस्त्यावर दिसतात. मेकॅनिकल शिकणाऱ्या पोराला याहून चांगली प्रयोगशाळा मिळायची नाही. मला ते कळायला एक बैल मोडावा लागला.

कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात होतो. मोहल्ल्यातल्या मंडळाला सहा फुटी बैल करायचा होता. नागपूरच्या महाल भागातल्या एका पाडलेल्या वाड्याचं जुनं सागवान स्वस्तात मिळालं होतं. आमच्या घरी एक फूट उंचीचा, दोन किलो वजनाचा फार देखणा बैल होता. मी त्याची सगळी मापं घेतली आणि प्रत्येक मापाला सहाने गुणलं. पायाची जाडी सहापट, चाकाचा व्यास सहापट. चाकांतून जाणारी सळई तीन मिलिमीटरची होती, ती अठरा मिलिमीटरची केली. सुतारकाकांनी कागद बघितला आणि विचारलं, "बाबू, बैल सहापट झाला त लाकूड काय सहापट मजबूत होते काय?" मला वाटलं, काका मजुरी वाढवून मागायची तयारी करताहेत.

बैल झाला. चौघापाचजणांनी तरफा लावून तो चाकांवर उतरवला आणि सळया वाकल्या. चारही चाकं खालून बाहेर फाकली. नुकतं जन्मलेलं वासरू पहिल्यांदा उभं राहतं तसा आमचा बैल उभा होता. मिरवणूक त्याच्याविनाच निघाली.

काय चुकलं होतं? एक फुटी बैल माझ्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षं व्यवस्थित चालत होता. सहा फुटीचा आकार हुबेहूब तोच होता. लाकूड सागवानच, सळई लोखंडाचीच. पण उंची, लांबी आणि रुंदी तिन्ही सहापट झाल्या की घनफळ ६ × ६ × ६ म्हणजे २१६ पट होतं. दोन किलोचा बैल ४३२ किलोचा झाला. ते वजन पेलणाऱ्या पायाच्या छेदाचं क्षेत्रफळ मात्र ६ × ६ म्हणजे ३६ पटच वाढलं. २१६ पट ओझं ३६ पट जागेवर आलं, म्हणजे लाकडाच्या प्रत्येक चौरस सेंटिमीटरला सहापट भार. सळईचंही तेच. तिच्यावरचं वजन २१६ पट, आधारापासून चाकापर्यंतचं अंतर सहापट, म्हणून तिला वाकवणारा जोर १,२९६ पट. अठरा मिलिमीटरच्या सळईची वाकण्याला विरोध करायची ताकद वाढली फक्त २१६ पट. पुन्हा सहाचाच फरक. लहान बैलात सळईला जाणवतही नसलेला ताण मोठ्या बैलात लोखंडाच्या सहनशक्तीपलीकडे गेला.

हे गॅलिलिओने १६३८ साली छापलेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. त्यात त्याने हाडांचं चित्रच काढलं आहे. प्राणी मोठा करायचा तर हाड नुसतं लांब करून भागत नाही, ते बेढब वाटेल इतकं जाड करावं लागतं. हत्तीचे पाय हरणाच्या पायांची मोठी आवृत्ती नसतात, ते यासाठीच. सुतारकाकांनी गॅलिलिओ वाचलेला नव्हता, पण आयुष्यभर लहानमोठे बैल केले होते. तान्ह्या पोळ्याचे मोठे बैल नीट बघा, पाय सगळ्यांचे ठोकळ्यासारखे असतात आणि पोट बहुतेकांचं पोकळ. त्याच दिवशी निघणाऱ्या मारबतीच्या मिरवणुकीतले बडगे, म्हणजे पुतळे, एवढे उंच असूनही लोक ते सहज फिरवतात, कारण आत बांबू आणि वर कागद असतो.

आता उलट्या दिशेने विचार करू. एक फुटी बैल हा सहा फुटी बैलाचा नमुना आहे असं समजा. पूल, जहाज, विमान, धरण बांधण्याआधी इंजिनियर अशीच छोटी मॉडेलं करतात आणि त्यांच्यावरून मोठ्याचं वागणं सांगतात. आकाराची नक्कल केली की मॉडेल झालं, असं शाळेच्या विज्ञान प्रदर्शनापासून आपल्या डोक्यात बसलेलं असतं. पण नुसता आकार जुळला तर ती शोभेची वस्तू झाली. वागणं जुळायचं असेल तर बाकीच्याही गोष्टी जुळाव्या लागतात, आणि खरी गंमत अशी की सगळ्या एकाच वेळी जुळवता येत नाहीत.

बैलाच्या बाबतीत तीन वाटा आहेत. पहिली काकांची, आकारच बदलायचा. दुसरी, मॉडेल वेगळ्या मालाचं करायचं. सहापट कमजोर पण तेवढ्याच वजनाच्या पदार्थाचा एक फुटी बैल केला असता, तर तो टेबलावरच फाकला असता आणि माझी अब्रू वाचली असती. पुलांची मॉडेलं करताना मुद्दाम लवचीक माल शोधतात तो याचसाठी. तिसरी वाट वेड्यासारखी वाटते, पण सगळ्यात सुंदर आहे. ती म्हणजे पृथ्वीचं गुरुत्वाकर्षणच वाढवायचं.

आमच्याकडची काळी माती घ्या. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात हाताचा पंजा जाईल एवढ्या भेगा पडतात, आणि तिच्यावर टाकलेला रस्ता दोन वर्षांत लाटांसारखा होतो. अशा मातीवर दहा मीटर उंचीचा भराव टाकायचा आहे, तो किती खचेल? वीस सेंटिमीटरचं मॉडेल केलं तर काहीच खचणार नाही. मातीचा स्वभाव तिच्यावर किती दाब आहे यावर ठरतो, आणि वीस सेंटिमीटर मातीचा दाब तो काय असणार! मग ते मॉडेल एका लांब हाताच्या टोकाला पेटीत बसवतात आणि हात गरगरा फिरवतात. जत्रेतल्या आकाशपाळण्यात बसल्यावर पोट बाहेरच्या बाजूला ओढलं जातं, तेच हे. वेग असा ठेवतात की पेटीतल्या मातीला स्वतःचं वजन पन्नासपट वाटावं. पन्नासपट लहान मॉडेल, पन्नासपट वजन, त्यामुळे तळाच्या मातीवरचा दाब खऱ्या भरावाएवढाच. या यंत्राला सेंट्रिफ्यूज म्हणतात, आणि आयआयटी मुंबईत असं मोठं यंत्र आहे. यात आणखी एक फायदा फुकटात मिळतो. दाबाखालच्या ओल्या मातीतून पाणी झिरपून ती दबायला लागणारा वेळ पटाच्या वर्गाने कमी होतो. पन्नासचा वर्ग २,५००. बाहेर एक वर्ष लागेल तेवढं खचणं आत साडेतीन तासांत होतं. सकाळी मशीन चालू करून दुपारच्या जेवणापर्यंत वर्ष संपतं.

म्हणजे मॉडेलमध्ये वेळसुद्धा लहान होते. हे पचायला जरा जड जातं, पण झोपाळ्याकडे बघा. लांब दोरीचा झोपाळा सावकाश झुलतो, आखूड दोरीचा लवकर. दोरी चारपट आखूड केली तर झोक्याचा वेळ निम्मा होतो, चौथा हिस्सा नव्हे. वजनामुळे होणाऱ्या सगळ्या हालचाली, म्हणजे पडणं, झुलणं, लाटा, याच वर्गमुळाच्या हिशेबाने चालतात. सिनेमात छोट्या मॉडेलची इमारत पाडून मोठी पडल्याचा भास करायचा असेल तर चित्रण जलद करतात आणि पडद्यावर सावकाश दाखवतात. पंचविसाव्या हिश्श्याची इमारत पाचपट लवकर पडते, म्हणून चित्रण पाचपट जलद करायचं.

या वर्गमुळावर विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज इंजिनियरने एक अख्खं शास्त्र उभं केलं. जहाज चालवायला किती जोर लागेल हे बांधण्याआधी कळावं, ही एकोणिसाव्या शतकातली मोठी गरज होती. अंदाज चुकला तर एवढं मोठं जहाज आयुष्यभर रखडत चालायचं. मॉडेलवरून जहाजाचं काही कळत नाही, असं त्या काळातले नावाजलेले जहाजबांधणीकार म्हणत, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरंही होतं. मॉडेल कुठल्या वेगाने ओढायचं हेच कुणाला ठाऊक नव्हतं. फ्रूडने १८६७ च्या सुमारास दोन आकारांची मॉडेलं केली, एक निमुळत्या टोकाचं आणि एक बोथट. प्रत्येक आकाराची तीन, सहा आणि बारा फुटांची. मग त्याच्या लक्षात आलं की वेग लांबीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात ठेवला तर लहान आणि मोठ्या मॉडेलभोवती लाटांची नक्षी सारखीच उठते. पंचविसावा हिस्सा मॉडेल असेल तर वेग पाचवा हिस्सा. तेव्हा मॉडेलला लाटांमुळे एक किलोचा अडथळा झाला तर खऱ्या जहाजाला २५ चा घन, म्हणजे १५,६२५ किलोचा होणार.

यावर ब्रिटिश नौदलाने त्याला पैसे दिले आणि १८७२ साली टॉर्की गावात त्याच्या घराजवळ लांबलचक हौद बांधून झाला. ग्रेहाउंड नावाचं खरं जहाज दुसऱ्या जहाजाने ओढून मॉडेलचे आकडे ताडूनही पाहिले गेले. जगातले जहाजबांधणीचे हौद अजून याच पद्धतीने चालतात.

पण फ्रूडची खरी हुशारी इथून पुढे आहे. जहाजाला अडवणाऱ्या गोष्टी दोन. एक लाटा उठवण्यात जाणारा जोर, दुसरी पाण्याचा चिकटपणा. या दोघांचे नियम वेगळे आहेत. पाणी किती चिकट वाटतं हे वस्तूच्या मापावर ठरतं. आपल्याला पाण्यात मजेत पोहता येतं, पण एखाद्या सूक्ष्म जंतूला तेच पाणी काकवीसारखं लागत असेल. १८८३ साली ऑस्बर्न रेनॉल्ड्स या इंजिनियरने काचेच्या नळीत रंगाची बारीक धार सोडून दाखवलं की वेग, माप आणि चिकटपणा यांचं एक ठरावीक प्रमाण ओलांडलं की सरळ जाणारी धार विस्कटते. लहान मॉडेलभोवती प्रवाह मोठ्यासारखा विस्कटायचा असेल तर मॉडेल जास्त वेगाने ओढायला हवं. किती? पंचविसाव्या हिश्श्याला पंचवीसपट. सेकंदाला दहा मीटर जाणाऱ्या जहाजाचं मॉडेल लाटांसाठी सेकंदाला दोन मीटरने ओढायचं, आणि चिकटपणासाठी अडीचशे मीटरने! दोन्ही एकदम साधायचं तर पाण्यापेक्षा १२५ पट पातळ द्रव लागेल. हौदात भरता येईल असा द्रव जगात नाही.

फ्रूडने मग हिशेबच वेगळे केले. पातळ फळ्या पाण्यातून ओढून नुसत्या घर्षणाचा तक्ता बनवला. मॉडेलच्या एकूण अडथळ्यातून घर्षण वजा केलं, उरलेला लाटांचा भाग वर्गमुळाच्या नियमाने मोठा केला आणि त्यात खऱ्या जहाजाचं घर्षण पुन्हा मिळवलं. जे मॉडेलला सांगता येत नाही ते त्याला विचारायचंच नाही, ते दुसऱ्याकडून काढून घ्यायचं.

फ्रूड आणि रेनॉल्ड्स यांच्या नावाचे जे आकडे इंजिनियरिंगच्या पोरांना परीक्षेसाठी घोकावे लागतात, ते खरं म्हणजे रस्सीखेचीचे निकाल आहेत. एका बाजूला वस्तूचा वेगातला जोर, दुसऱ्या बाजूला कधी वजन, कधी चिकटपणा, कधी पाण्याच्या पृष्ठभागाचा ताण, तर कधी मालाची लवचिकता. कोण किती पटीने भारी पडतंय, एवढंच तो आकडा सांगतो. त्याला मीटर नाही, किलो नाही. मॉडेलमध्ये आणि खऱ्यात रस्सीखेचीचा निकाल सारखा लागला तर वागणं सारखं. हे मला कुणी पहिल्याच तासाला सांगितलं असतं तर एक विषय कमी राहिला असता.

सगळ्या रस्सीखेची एकदम जुळत नाहीत म्हटल्यावर प्रत्येकाने आपापली पळवाट काढली. विमानवाल्यांना लाटांशी घेणं नाही, त्यांचं भांडण मुख्यतः चिकटपणाशी. १९२० च्या दशकात अमेरिकेत लँग्ली इथे वाऱ्याचा बोगदाच, म्हणजे मॉडेलवर वारा सोडायची मोठी नळीच, एका जाडजूड लोखंडी टाकीत बसवला आणि आत हवा वीसपट दाबाने कोंडली. हवा वीसपट दाट झाली, म्हणून विसाव्या हिश्श्याचं मॉडेल खऱ्या वेगातच बरोबर उत्तर देऊ लागलं.

धरणवाले मात्र लाटांच्या पक्षात. पुण्याजवळ खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, १९१६ पासूनचं. तिथे धरणांची आणि बंदरांची मैदानाएवढी मॉडेलं करून त्यांत पाणी सोडतात. सांडव्याचं मॉडेल पन्नासाव्या हिश्श्याचं असेल तर मॉडेलमधलं सेकंदाला एक लिटर पाणी म्हणजे खऱ्या सांडव्यावरून जाणारे जवळपास १७,७०० लिटर. प्रवाह कुठे उसळेल, खाली खड्डा कुठे पडेल हे बऱ्यापैकी खरं उतरतं. फसतं ते फेसाच्या बाबतीत. पाण्याचा थेंब मॉडेल बघून लहान होत नाही. खऱ्या सांडव्यावर पाणी हवा गिळून पांढरंशुभ्र होतं, मॉडेलवर तेच पाणी बरंच नितळ राहतं. जुन्या सिनेमातला पूर खोटा वाटतो तो याच थेंबांमुळे.

नदीचं तर आणखी अवघड. नाग नदीच्या पुराचं मॉडेल करायचं ठरवलं आणि तीनशे मीटरचा पट्टा एका मीटरात बसवला, तर एक मीटर खोल पाणी तीन मिलिमीटरचं होईल. ते वाहणार नाही, फरशीवर सांडलेल्या पाण्यासारखं चिकटून बसेल. म्हणून नदीची मॉडेलं मुद्दाम विकृत करतात, खोली कमी पटीने लहान करतात. रेनॉल्ड्सनेच १८८५ साली इंग्लंडमधल्या मर्सी नदीच्या मुखाचं मॉडेल केलं तेव्हा आडवी मापं ३१,८०० पट लहान केली होती आणि उभी ९६० पटच. त्यात साडेबारा तासांची भरती-ओहोटी चाळीसेक सेकंदांत उरकायची. दिसायला ते मॉडेल खऱ्या नदीसारखं मुळीच नव्हतं, पण वाळू कुठे साचते हे बरंच खरं सांगायचं.

मॉडेल बरोबर असूनही उत्तर हुकतं, कारण कुणी प्रश्नच विचारलेला नसतो किंवा फार उशिरा विचारलेला असतो. अमेरिकेतला टॅकोमाचा झुलता पूल जुलै १९४० मध्ये सुरू झाला आणि पहिल्यापासून वाऱ्यात हलायचा. फारकर्सन नावाच्या प्राध्यापकांनी त्याचं मॉडेल करून अभ्यास सुरू केला. आकाराबरोबर वजन आणि लवचिकताही जुळवावी लागली, कारण इथे रस्सीखेच वारा आणि पुलाचा ताठपणा यांच्यात होती. मॉडेलवरून त्यांनी दुरुस्तीचे उपायही सुचवले. त्यानंतर काही दिवसांतच, ७ नोव्हेंबरला, ताशी सुमारे ६७ किलोमीटरच्या वाऱ्यात पूल पिळवटून खालच्या सामुद्रधुनीत पडला. त्या वेळी प्राध्यापक पुलावरच होते.

दुसरी गोष्ट आम्हा नागपूरकरांना जवळची वाटेल. कोराडीच्या वीज केंद्राकडे जाताना कमरेत बारीक असलेले, पाणी थंड करणारे प्रचंड कूलिंग टॉवर दिसतात. इंग्लंडमध्ये फेरीब्रिजच्या वीज केंद्रात असे आठ टॉवर उभे होते. १ नोव्हेंबर १९६५ ला वादळी वाऱ्यात त्यांतले तीन कोसळले. पडले ते वाऱ्याला सामोरे असलेले नव्हेत, त्यांच्या मागच्या रांगेतले. वाऱ्याचा हिशेब एकट्या उभ्या असलेल्या टॉवरचा केला होता. पुढच्या दोन टॉवरांच्या फटीतून वारा गल्लीतल्यासारखा जोरात शिरला आणि मागच्यांना झोडपून गेला. तेव्हापासून एका टॉवरचं मॉडेल करून कुणी थांबत नाही, शेजाऱ्यांसकट सगळी वस्ती वाऱ्याच्या बोगद्यात ठेवतात.

कॉम्प्युटर आल्यावर हे सगळं कशाला, असं पोरं विचारतात. कॉम्प्युटर बरंच काम करतो. पण विस्कटलेला प्रवाह, फेस आणि माती यांच्या बाबतीत त्याला दिलेली समीकरणंच अर्धीमुर्धी अंदाजाची असतात, आणि तो अंदाज ताडायला शेवटी मॉडेलच लागतं.

बैलाचं राहिलं. पुढच्या वर्षी काकांनी तोच बैल उघडून आतून कोरला. वजन चौथ्या हिश्श्यावर, म्हणजे ११० किलोच्या आसपास आलं. यावेळी गुणाकार मी शहाण्यासारखा केला. वजन ५५ पट, अंतर सहापट, वाकवणारा जोर ३३० पट. ताण लहान बैलाएवढाच ठेवायचा तर सळई तीनाऐवजी एकवीस मिलिमीटरची हवी. बाजारात पंचवीसची मिळाली, तीच घातली. पण त्याआधी काकांनी दोन फुटी बैल करून त्यावर विटा रचल्या आणि सळई किती वाकते ते मला मोजायला लावलं. फ्रूडने एकाच आकाराची तीन मापं का केली होती, ते मला तिथे कळलं. एका मॉडेलवरून उत्तर मिळतं. दुसऱ्या मापाच्या मॉडेलवरून ते उत्तर माप वाढलं की कुठे सरकतं, हे कळतं.

तो बैल अजून मंडळाच्या खोलीत आहे आणि दरवर्षी निघतो. फक्त पाऊस झाला की चाकं कुरकुरतात. लहान बैलात चाक आणि पाय यांच्यात अर्ध्या मिलिमीटरची फट होती. आदल्या वर्षीच्या फजितीने मी गुणाकाराला इतका घाबरलो होतो की ती फट तशीच अर्धा मिलिमीटर ठेवली. ओलाव्याने लाकूड टक्क्यांत फुगतं. दीड सेंटिमीटर जाडीचं चाक पाव मिलिमीटरच्या आत फुगलं, नऊ सेंटिमीटरचं सव्वा मिलिमीटरहून जास्त. सहाने गुणायला हवी होती अशी ती एकच गोष्ट होती.